लांब मिशांचा भुंगेरा आणि घाईने दिलेले नाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाचकांनी पाठवलेली किड्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांतून छापून येतात आणि त्यांखाली बहुधा एखादे नाव ठामपणे दिलेले असते. लाँगहॉर्न, म्हणजे लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या बाबतीत असा ठामपणा किती फसवा ठरू शकतो, हे मला अलीकडेच कळले.

एका वाळलेल्या ओंडक्याखाली मला मेलेला करडा भुंगेरा सापडला; शरीर जेमतेम दोन सेंटिमीटर, मिशा त्याच्या जवळजवळ दुप्पट, पंखकवचांवर पांढुरके ठिपके. वरून काढलेले छायाचित्र मी तिघा हौशी अभ्यासकांना पाठवले. दोघांनी लगेच दोन वेगवेगळी नावे कळवली. तिसऱ्याने मात्र डोक्याचे बाजूने काढलेले आणि पोटाकडचे अशी आणखी दोन छायाचित्रे मागितली. किडा कोणत्या तारखेला मिळाला, लाकूड कोणत्या झाडाचे आणि ओंडका तिथलाच की बाहेरून आणलेला, हेही विचारले. ही चौकशी मला तेव्हा जरा अतीच वाटली.

पण तिला कारण होते. लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या कुळातील ३५ हजारांहून अधिक प्रजाती जगभरातून नोंदल्या गेल्या आहेत. ठिपके एकाच प्रजातीत कमी-अधिक असतात, अंगावरची लव झिजली की पुसटही होतात आणि मिशांची लांबी नर-मादीनुसार बदलते. याउलट चेहरा सरळ खाली उतरलेला आणि तोंडाजवळच्या स्पर्शकांचे टोक निमुळते असेल, तर किडा लॅमिनी उपकुळातला असण्याची शक्यता मोठी. या खुणा वरून दिसतच नाहीत. अळ्या लाकडाच्या आत वाढत असल्याने झाडाचे नाव कळले की शोधाचा आवाका कमी होतो. मात्र त्याच कारणाने किडा लाकडातून दूरवर जातो. १९९६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आढळलेला आशियाई लाँगहॉर्न मालाच्या लाकडी खोक्यांतून तिथे पोहोचला, असे मानले जाते.

नव्या छायाचित्रांवरून आधीची दोन्ही नावे बाद झाली. उपकुळावर तिघांचे एकमत झाले, पुढचे ठरले नाही, म्हणून किड्यासोबत ठेवलेल्या माझ्या चिठ्ठीवर तारीख, ठिकाण, झाड आणि ‘लॅमिनी’ एवढेच लिहिले आहे. किड्यांची छायाचित्रे छापताना आपणही निदान तारीख, ठिकाण आणि लांबी मागवावी आणि खात्री नसेल तिथे फक्त कुळाचे नाव द्यावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक