इंटरसेप्टरआधी उपग्रह आणि रडार

मा. संपादक,

१५ ऑगस्ट २०२५ रोजी देशाच्या हवाई संरक्षणासाठी ‘मिशन सुदर्शनचक्र’ जाहीर झाल्यापासून चर्चा इंटरसेप्टर (येणारे क्षेपणास्त्र हवेतच पाडणारी क्षेपणास्त्रे) किती हवेत याचीच चालली आहे. माझ्या मते पहिला पैसा उपग्रह आणि रडारवर खर्च व्हायला हवा.

कराची ते मुंबई सुमारे ९०० किलोमीटर. हे अंतर बॅलिस्टिक क्षेपणास्त्र साधारण आठ मिनिटांत कापते. पृथ्वीच्या गोलाईमुळे मुंबईतल्या रडारला ते जवळपास ५० किलोमीटर उंच चढेपर्यंत दिसत नाही, म्हणजे पहिले मिनिट हातचे जाते. भूस्थिर कक्षेतला, म्हणजे पृथ्वीवरच्या एकाच जागेवर सतत नजर ठेवणारा, अवरक्त (उष्णता टिपणारा) उपग्रह मात्र त्याची ज्वाला ढगांवर येताच टिपतो.

त्या एका मिनिटाची किंमत मोठी आहे. समजा दहा क्षेपणास्त्रे आली आणि प्रत्येक इंटरसेप्टरची लक्ष्य पाडण्याची शक्यता ८० टक्के आहे. वेळ नसेल तर प्रत्येकावर दोन, म्हणजे एकदम वीस सोडावे लागतात. वेळ असेल तर आधी दहा सोडायचे, निकाल पाहायचा आणि निसटलेल्यांवरच पुन्हा मारा करायचा. सरासरी बारांत भागते आणि संरक्षण तेवढेच, म्हणजे ९६ टक्के, मिळते. पण पहिली गाठ ८० किलोमीटर उंचीवर पडली, तर स्फोटकाग्र (क्षेपणास्त्राचा स्फोटके असलेला भाग) २० किलोमीटरवर यायला जेमतेम अर्धे मिनिट लागते. तेवढ्यात निकाल पाहून दुसरा इंटरसेप्टर वर पोहोचवणे जमणार नाही. पहिली गाठ बरीच वर, म्हणजेच लवकर, पडायला हवी.

उंचावर अडचण वेगळी. तिथे हवाच नसल्याने शत्रूने चकवण्यासाठी सोडलेला हलका फुगा (फसवा) आणि खरे स्फोटकाग्र एकाच वेगाने जातात. रडार फसले तर दोन्ही इंटरसेप्टर फुग्यामागे धावतात आणि कागदावरचे ९६ टक्के कागदावरच राहतात. खाली दाट हवेत हलके फसवे मागे पडतात, म्हणून संरक्षणाचा खालचा थर, म्हणजे कमी उंचीवर अडवणारे इंटरसेप्टर, सोडून चालणार नाही. तो थोड्याच परिसराला पुरतो, त्यामुळे आधी कुठले तळ आणि नियंत्रण केंद्रे झाकायची हे ठरवावेच लागेल. पाकिस्तानने २०१७च्या जानेवारीत अनेक स्फोटकाग्रांच्या ‘अबाबील’ची चाचणी केल्याचे जाहीर केले, तेव्हापासून ही निवड अधिकच कठीण झाली आहे.

भारताच्या २४ जुलै २०२४च्या क्षेपणास्त्रविरोधी चाचणीत ओडिशातल्या धामराहून लक्ष्य म्हणून क्षेपणास्त्र ४.२० वाजता सुटले, चांदीपूरहून इंटरसेप्टर ४.२४ वाजता. अभिमान वाटावा अशीच कामगिरी. पण लक्ष्य कुठून, कोणत्या दिशेने येणार हे तिथे आधीच ठाऊक होते. युद्धात ते उपग्रहानेच सांगायला हवे.

– एक वाचक, पुणे