रुमालाखालची बोली नको

मु. पो. ता. दारव्हा, जि. यवतमाळ

चि. सोनू हिस,
अनेक आशीर्वाद.

सोयाबीनची सोंगणी उरकली. पऱ्हाटी चांगली फुटली आहे, पण वेचायला बाया मिळत नाहीत, म्हणून तुझी आई आणि काकू दिवसभर वावरातच असतात. फोनवर तू "हो बाबा, हो बाबा" करतेस आणि मैत्रिणीनं हाक मारली की ठेवून देतेस, म्हणून हे लिहून पाठवतो आहे. अमरावतीच्या होस्टेलवर निवांत बसून वाच.

तुला बास्केटबॉलसाठी आपल्या कॉलेजात न्यायला आलेले चेन्नईचे कोच आणि अमेरिकेतलं कॉलेज मिळवून देतो म्हणणारा तो एजंट, म्हणजे आपला अमेरिकेवाला, दोघांनाही महिनाअखेर उत्तर हवं आहे. गावानं मात्र आपलं उत्तर कधीच देऊन टाकलं. तुझ्या मामानं स्टेटस ठेवलं, 'आमची भाची अमेरिकेत', आणि आता चौकात लोक मला पेढे मागतात. आजी तेवढी विचारते, "चेंडू टाकाले एवढ्या दूर कायले जा लागते वं? अमरावतीत टोपल्या नाहीत काय?" हसू नकोस. सगळ्या गावात कामाचा प्रश्न तिनंच विचारला आहे.

आधी चेन्नईच्या कोचबद्दल. राज्य स्पर्धेत ते पायऱ्यांवर माझ्या शेजारीच बसले होते. मी तुझा बाप, हे त्यांना ठाऊक नव्हतं. हातात पोरांची असते तशी दोनशे पानी वही. तू बास्केट केलीस की मी टाळ्या वाजवायचो आणि ते ढिम्म. लिहायचे ते भलत्याच वेळी. तुझ्या हातून चेंडू निसटला आणि तू कपाळाला हात न लावता पळत मागे जाऊन समोरच्या संघातल्या पोट्टीच्या आणि रिंगच्या मध्ये उभी राहिलीस, तेव्हा त्यांनी लिहिलं. चौथा फाउल झाल्यावर सरांनी तुला बसवलं, तेव्हा तर त्यांनी खेळ सोडून बाकाकडेच नजर लावली. तू तोंड पाडून बसली नाहीस, उभी राहून "डावीकडे बघ, डावीकडे" असं ओरडत होतीस. पुन्हा एक ओळ. पाचव्या फाउलला खेळाडू बाहेर जातो, एवढं मला ठाऊक होतं. पण चार फाउल डोक्यावर असताना पोरगी शेवटची मिनिटं अंग चोरून खेळते की डोकं वापरून, हे त्यांना पाहायचं होतं, असं त्यांनी नंतर सांगितलं.

मॅच संपल्यावर ओळख निघाली. त्यांचा पहिला प्रश्न काय, तर "आपकी हाइट कितनी? माँ की?" मग मामाची, मग आजोबांची. तू अजून इंचभर वाढशील का, याचा तो हिशेब. मग तुला हात आडवे पसरायला लावून या बोटापासून त्या बोटापर्यंत टेप लावला. उंचीपेक्षा जास्त भरले तेव्हा गडी पहिल्यांदा हसला.

खरं सांगू? मला बैलबाजार आठवला. दात पाहायचे, खूर उचलायचा, चार पावलं चालवून बघायचं. तुला या बोलण्याचा राग येईल, पण मला त्यांच्या टेपचा राग आला नाही. घेणारा पारखून घेणारच. मला बाजारातली दुसरीच गोष्ट खुपते. दोघं जण रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून बोली करतात, भाव त्या दोघांनाच कळतो. शेजारच्याला कळत नाही आणि बैलाला तर नाहीच. तुझी बोली उघड्यावर झाली पाहिजे, कागदावर झाली पाहिजे आणि तू समोर असताना झाली पाहिजे. मला एवढंच सांगायचं आहे, पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

ते तुझ्यामागे का आले, हेही नीट समजून घे. तुझा शॉट अजून कच्चा आहे, हे त्यांनी तोंडावर सांगितलं. शॉट शिकवता येतो, उंची शिकवता येत नाही. आपल्या शाळेतली रिंग मी मागे टेपनं मोजली होती, दहा फुटांना, म्हणजे ३.०५ मीटरला, दोन इंच कमी भरली. त्यात शाळेत चेंडू एकच, मुलांचा सात नंबरचा. मुलींचा सहा नंबरचा असतो हे तुला अमरावतीला गेल्यावर कळलं. सुरुवातीला तुझे शॉट आखूड पडायचे त्याचं कारण तुझ्या मनगटात नव्हतं, त्या रिंगमध्ये होतं. हे कोचना सांगितलं तर ते म्हणाले, "मतलब अभी बहुत कुछ बाकी है." त्यांनी आजची सोनू पाहिली नाही, तीन वर्षांनंतरची पाहिली. हा मोठेपणा आहे आणि धोकाही. कारण तीन वर्षांनंतरची सोनू तशी निघाली नाही तर काय, हे त्यांच्या वहीत लिहिलेलं नाही.

कॉलेजला तू कशाला हवीस, तेही बघ. आधी विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा, मग अखिल भारतीय, ही सगळी एआययूची, म्हणजे भारतीय विद्यापीठांच्या संघटनेची व्यवस्था. त्यात १७ ते २५ वयाची मुलं खेळतात. शिवाय २०२० पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धाही आल्या. करंडक आला की कॉलेजचं नाव पेपरात, प्रवेशाच्या जाहिरातीत. म्हणून हे लोक शालेय राज्य स्पर्धा आणि ज्युनियर नॅशनलला वही घेऊन येतात, सगळ्या राज्यांतली पोरं एका जागी चार दिवसांत बघायला मिळतात. यात वाईट काही नाही. ते फी माफ करतात, राहणं-जेवण देतात, त्यांना खेळ मिळतो. व्यवहार आहे, फक्त तो व्यवहार आहे हे आपण विसरायचं नाही.

म्हणून फोनवर नाही, ईमेलवर विचार. फी माफी तिन्ही वर्षांची की दरवर्षी नव्यानं ठरणार? बारा जणींच्या संघात नाव आलं नाही, तर मेसचे पैसे कोण भरणार? तुझ्याच जागेवर खेळणाऱ्या किती मुली त्यांनी यंदा घेतल्या? स्पर्धा आणि परीक्षा एकाच आठवड्यात आल्या तर पेपर पुन्हा मिळतो का? आणि सगळ्यात आधी गुडघा. उडी मारून उतरताना एसीएल, म्हणजे गुडघ्यातला सांधा धरून ठेवणारी लिगामेंट, तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा बरंच जास्त आहे, हे तुमच्या सरांनीच पालकसभेत सांगितलं. ऑपरेशन, मग कितीतरी महिने व्यायाम. तो खर्च कोणाचा, आणि त्या काळात होस्टेलची खोली राहते की जाते? याचं उत्तर गोलगोल आलं तर तेच उत्तर समज.

तिथे गेलीस की कॅप्टनशी बोलू नकोस, ती चांगलंच सांगणार. बाकावर बसणाऱ्या मुलीशी बोल. दोन वर्षांपूर्वी घेतलेल्यांपैकी कोण अजून शिकते आहे आणि कोण घरी परतली, ते मेसमध्ये वाढणाऱ्या बाईलाही ठाऊक असतं.

आणखी एक. मूळ गुणपत्रिका आणि क्रीडा प्रमाणपत्रं कुणाकडे ठेवायला देऊ नकोस, दाखव आणि परत घे. कॉलेजांनी मूळ कागद अडकवून ठेवू नयेत, असं यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०१८ मध्येच बजावलं आहे. आपल्याकडे सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा उपसंचालकांकडून होते आणि तिथे झेरॉक्स चालत नाही. तुझी सगळी प्रमाणपत्रं आईनं साडीच्या पेटीत ठेवली आहेत.

आता अमेरिकेवाला. त्याचं माहितीपत्रक मी तुझ्या काकाकडून वाचून घेतलं. पहिल्याच पानावर सतनाम सिंगचा फोटो. पंजाबातल्या बल्लो के गावचा शेतकऱ्याचा पोरगा, चौदाव्या वर्षी फ्लोरिडाच्या अकादमीत गेला, २०१५ मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या डॅलस संघानं त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, ५२ व्या क्रमांकावर घेतलं. हे सगळं खरं. पण तो कुठल्या अमेरिकन कॉलेजकडून खेळला नाही आणि एनबीएच्या एकाही मॅचमध्ये त्याला उतरायला मिळालं नाही, हे त्या पानावर नाही. त्याची उंची सात फूट दोन इंच, हेही नाही! पंजाबचीच हरसिमरन कौर सॅन दिएगो विद्यापीठात गेली, पण ती एनबीएच्या अकादमीच्या शिबिरांतून तिथल्या कोचांच्या नजरेत आली. तिचा रस्ता मैदानातून गेला, असल्या माहितीपत्रकातून नाही.

तो म्हणतो, "एनसीएए कॉलेज, शंभर टक्के गॅरंटी." एनसीएए म्हणजे तिथले कॉलेजांचे खेळ चालवणारी संस्था. कुठल्या डिव्हिजनचं, ते विचारलं तर म्हणे नंतर कळवतो. एनसीएएच्या तीन डिव्हिजन आहेत आणि तिसरीतली कॉलेजं खेळासाठी शिष्यवृत्ती देऊच शकत नाहीत. पहिल्या डिव्हिजनसाठी नववीपासूनचे सोळा विषय आणि ठरावीक सरासरी लागते. तुझं नववीचं गणित आठव, मी काही बोलत नाही. आणि त्याला शिष्यवृत्तीच्या रकमेवर दहा टक्के हवे आहेत. ठरावीक फी घेऊन माहिती देणाऱ्याला तिथे मनाई नाही, पण शिष्यवृत्तीवर टक्का लावला तर खेळाडूचीच पात्रता धोक्यात येते. म्हणजे पैसे आपले जाणार आणि बंदीही आपल्यालाच. शिष्यवृत्ती देणारा असतो कॉलेजचा कोच, त्याच्या कॉलेजच्या ईमेलवरून. मधल्या माणसाच्या व्हॉट्सअॅपवरून ती येत नाही. "तिथे आता खेळाडू लाखो कमावतात" असंही त्यानं सांगितलं. २०२१ पासून तिथल्या खेळाडूंना आपल्या नावावर कमाई करता येते, हे बरोबर. पण विद्यार्थी व्हिसावर गेलेल्याला कामाच्या कमाईची बंधनं असतात, ते त्यानं गिळलं.

तू म्हणशील, मग दोन वर्षं इथे खेळून नंतर जाते. तेही नीट समजून घे. पहिल्या डिव्हिजनमध्ये खेळायच्या पाच वर्षांच्या मुदतीचं घड्याळ, तू जगात कुठेही पूर्णवेळ कॉलेजला नाव घातलंस की सुरू होतं, चेन्नईत घातलंस तरी. तेव्हा 'नंतर बघू' हाही एक निर्णयच ठरतो. खरंच मनात असेल तर मॅचचे तुकडे जोडलेला व्हिडिओ नको, पूर्ण मॅच मोबाइलवर घेऊन ठेव, नंबर दिसेल असा, आणि तू स्वतः तिथल्या कोचना लिही. इंग्रजी मोडकं असलं तरी चालेल. ते वाचतील, नाही वाचणार, पण दहा टक्के तरी वाचतील. म्हणजे रुपये.

आता आजीचा प्रश्न. अमरावतीत टोपल्या आहेतच. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे, देशभरातून पोरं तिथे शारीरिक शिक्षण शिकायला येतात, आणि तू शनिवारी एसटीत बसलीस की जेवायला घरी. संत गाडगे बाबा विद्यापीठाच्या संघात तुझी जागा होईल, असं मला वाटतं. पश्चिम विभागातून खेळशील. दक्षिणेत मात्र मुलींचा बास्केटबॉल फार पुढे आहे, तिथे सरावातच तुला तुझ्याहून उंच मुली भेटतील. केरळची गीतू अ‍ॅना जोस चंगनाशेरीच्या कॉलेजातून पुढे आली, दक्षिण रेल्वेत लागली, भारताची कॅप्टन झाली आणि २०११ मध्ये अमेरिकेतल्या तीन व्यावसायिक संघांनी तिला चाचणीला बोलावलं. तिथे घेतलं नाही तरी तिची नोकरी आणि डिग्री इथे शाबूत होती. मला हे आवडतं. बापाला असंच आवडणार, तू वेगळा विचार केलास तरी चालेल.

माझं मत विचारशील तर कागद पूर्ण असेल तर चेन्नई, नाहीतर अमरावती. अमेरिकेवाल्याला मी उद्या नाही म्हणून कळवतो, त्यात मात्र तुझं मत विचारत नाही. बाकी ठरव तू. तुला अजून अठरा पूर्ण नाहीत, तेव्हा सही माझी लागेल, आणि तू प्रत्येक ओळ वाचून मला समजावल्याशिवाय मी ती करणार नाही. कोचनी तुमच्या सरांना परस्पर काही कबूल केलं आहे का, तेही विचारून घे. सर भले माणूस आहेत, पण विचारायला काय हरकत आहे.

ट्रायलची तारीख आली की लगेच कळव. बडनेऱ्याहून नवजीवन एक्सप्रेसनं जाऊ, मला दोन तिकिटं आधी काढावी लागतील. बारावीच्या प्रॅक्टिकलच्या तारखा सरांकडून घेऊन ठेव, त्यात अडकायला नको. आधार आणि जन्मदाखल्यावर तुझं नाव एकसारखं आहे का, ते मी सेतूवर पाहून येतो. आईनं चिवडा आणि तिळाची चटणी पाठवली आहे, डबा परत आण. बुटाचा नंबर आठ की नऊ, तेही लिही. यवतमाळला मिळाले नाहीत तर नागपूरला बघतो.

तुझे,
बाबा