अष्टमीची भरती

पुणे,
२६ मे

तीर्थरूप आई व बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

प्रवासाहून परत येऊन आम्हाला आठवडा झाला. या आठवड्यात आपले दोनदा फोनवर बोलणे झाले आणि दोन्ही वेळा मी सांगितले की सगळे छान झाले, मुले रमली आणि गाडीने कुठे त्रास दिला नाही. त्यातले शेवटचे खरे नाही. गुहागरच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांनी मला फोनवर विचारले होते, "आज भरती कितीला होती?" त्यावर मी "आज समुद्रावर गेलोच नाही" असे उत्तर दिले. तेही खोटे होते. त्या वेळी मी नुकतीच समुद्रावरून परतले होते, गुडघ्यापर्यंत ओली वाळू चिकटलेली होती आणि हात थरथरत होते. तुमच्याशी मी सहसा खोटे बोलत नाही, त्यामुळे ते एक वाक्य मला आठवडाभर टोचत राहिले आहे. फोनवर हे सगळे नीट सांगता येणार नाही, म्हणून पत्र लिहिते आहे.

निघतानाच उशीर झाला. पहाटे पाचला निघायचे ठरले होते, पण प्रत्यक्षात साडेसात वाजले आणि त्या गडबडीत आईने आठवणीने पाठवलेला आवळकाठीचा डबा ओट्यावरच राहिला. उंब्रजला महामार्ग सोडून पाटणच्या रस्त्याला लागलो. कोयनानगर मागे टाकताना बाबांनी सांगितलेली ११ डिसेंबर १९६७ ची पहाट मी मुलांना सांगू लागले, सांगलीपर्यंत जमीन कशी हादरली आणि माणसे थंडीत अंगणात कशी बसून राहिली ते. दादू लक्ष देऊन ऐकत होता, पण कुंभार्ली घाटाची वळणे सुरू झाली आणि छकुलीला गाडी लागली. तीन वेळा थांबावे लागले. आवळकाठी हाताशी असती तर पोरीचे इतके हाल झाले नसते, असे मला सारखे वाटत होते. पोफळीच्या खाली उतरल्यावर एका टपरीवर लिंबू-मीठ मिळाले, तेव्हा कुठे तिच्या चेहऱ्यावर तरतरी आली. चिपळूणपासून पुढे ती झोपली ती थेट गुहागरच्या नाक्यावर जागी झाली.

आता मुख्य ते सांगते. दुसऱ्या दिवशी दुपारचे ऊन उतरल्यावर आम्ही समुद्रावर जायला निघालो. वाड्यांमधून एक अरुंद पाखाडी थेट किनाऱ्यावर उतरते. तिथे आधी कोणाच्या तरी गाडीच्या चाकांच्या खुणा होत्या आणि यांना वाटले, सुरूच्या सावलीत गाडी लावू, म्हणजे मुलांचे सामान वाहून न्यायला नको. सुरूच्या झाडांपर्यंत गाडी नीट गेली. तिथे वळवून लावताना ती चार-पाच हात पुढे उतरली आणि पुढची दोन्ही चाके पांढऱ्या भुसभुशीत वाळूत बसली. यांनी रेस दिली तशी चाके जागच्या जागी फिरून आणखी खाली गेली. दहा मिनिटांत गाडीचे पोट वाळूला टेकले. तेव्हा पावणेपाच वाजले होते आणि पाणी बरेच लांब होते, म्हणून सुरुवातीला आम्ही घाबरलो नाही. मुले हाताने वाळू उपसत होती आणि त्यांना तो खेळच वाटत होता.

पाणी पुढे येते आहे हे आधी दादूच्या लक्षात आले. त्याने खेळताना वाळूत एक काटकी खोचली होती. त्या काटकीपलीकडे लाट गेली आणि परत आलीच नाही, तिथेच मुरली. मग पुढची लाट हातभर वर आली. मी मुलांना सुरूच्या झाडांखाली नेऊन बसवले आणि परत येऊन पाहते तर ओली रेघ गाडीपासून वीस पावलांवर आली होती. आई, त्या वेळी गाडीचे काय होईल याची भीती मला कमी होती. यांचा चेहरा पांढरा पडलेला दिसत होता आणि हे काही केल्या गाडी सोडून बाजूला होत नव्हते, त्यानेच माझ्या छातीत धडधडत होते.

मी धावत पाखाडीने वर गेले आणि पहिल्या वाडीत हाक मारली. तिथे एक वयस्क गृहस्थ नारळ सोलत बसले होते. त्यांनी काही विचारले नाही. सुळ्यावरचा नारळ तसाच ठेवून दोन तरुण पोरांना हाका मारल्या आणि फावडे, एक जुनी फळी आणि वाळलेल्या झावळ्यांचा भारा घेऊन ते माझ्यामागे निघाले. पोहोचताच त्यांनी आधी यांना थांबवले. "रेस देऊ नका, चाक आणखी खाली जातंय. आधी हवा सोडा." चारही चाकांची निम्मी हवा त्यांनी सोडायला लावली, कारण हवा कमी झाली की चाक पसरते आणि वाळू धरते. मग चाकांच्या मागची वाळू उतरती खणली, झावळ्यांचे देठ चाकाकडे आणि पाती मागे अशा त्या आडव्या-उभ्या अंथरल्या, फळी एका चाकाखाली सरकवली आणि यांना सांगितले की मागचा गिअर टाकून क्लच अगदी हळू सोडायचा आणि काही झाले तरी पाय दाबायचा नाही. आम्ही चौघांनी बॉनेटला खांदे लावले. पहिल्या वेळी फक्त झावळ्या पुढे फेकल्या गेल्या. दुसऱ्या वेळी गाडी हातभर हलली. तेवढ्यात एक लाट आली आणि आमचे घोटे भिजवून गेली. तिसऱ्या वेळी झावळ्यांचा कडकड आवाज झाला आणि गाडी एकदम मागे सुटून सुरूच्या मुळांवरच्या घट्ट जमिनीवर गेली. मी तिथेच वाळूत बसले आणि मला रडू आवरेना.

त्या काकांना यांनी पैसे देऊ केले तेव्हा ते नाराज झाले. म्हणाले, "आज अष्टमी, भांगाचं पाणी आहे, कमी चढतं, म्हणून थोडक्यात निभावलं. उधाणाचं असतं तर एव्हाना सीटपर्यंत आलं असतं." मग समुद्राकडे बघून ते सहज म्हणाले, "सहाला भरती पुरी होईल." घड्याळात सहाला पाच मिनिटे कमी होती.

बाबा, त्या क्षणी मला गुहागरच्या खालचा पाट या वस्तीतले आपले भाड्याचे घर आठवले. १९८४ साली तुमची गुहागरच्या पोस्टात बदली झाली तेव्हा मी दुसरीत होते. संध्याकाळी समुद्रावर जायचा हट्ट धरला की तुम्ही मला पडवीतल्या दिनदर्शिकेसमोर उभी करायचात आणि म्हणायचात, "तिथीला तिनाने गुण, चाराने भाग, आणि उत्तर आले तरच जाऊ." चतुर्थीला तीन वाजता भरती, पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण आणि अष्टमीला भांग. पंचमीचे पावणेचार मला नेहमी चुकायचे आणि तुम्ही बोटांवर पावकी मोजायला लावायचात. तीन वर्षे रोज केलेला हा हिशेब मी साफ विसरले होते. मोबाइलवर रस्ता पाहिला, हवामान पाहिले, जेवण कुठे चांगले मिळते तेही पाहिले. तिथी मात्र पाहिली नाही. म्हणूनच तुम्ही फोनवर भरतीची वेळ विचारलीत तेव्हा माझ्याने खरे बोलवले नाही.

त्या रात्री मी दादूला पाऊणपटीचा हिशेब शिकवला. दुसऱ्या दिवशी नवमी होती. नऊ त्रिक सत्तावीस, भागिले चार, म्हणजे पावणेसात. हेदवीची बामणघळ भरतीच्या वेळीच पाहायची असते असे तुम्ही सांगितले होते, म्हणून आम्ही अंधारातच उठलो आणि साडेसहाला तिथे पोहोचलो. काळ्या कातळातल्या त्या अरुंद भेगेत लाट शिरते, आत घुमते आणि वर उसळते. भांगाचे दिवस असल्यामुळे पाणी फार उंच उडाले नाही, पण आतला तो घुमणारा आवाज मुलांनी श्वास रोखून ऐकला. दादूने घड्याळ पाहून मला सांगितले की आजोबांचे गणित बरोबर आले. हे वाक्य तुम्हाला कळवायचे म्हणूनही हे पत्र आहे.

गाडीचे पुढे फारसे काही बिघडले नाही. हवा कमी असल्यामुळे अगदी हळू चालवत नाक्यावर नेऊन हवा भरून घेतली, आणि ब्रेकमधून वाळूचा खरखराट येत होता तो शृंगारतळीला चाके काढून धुतल्यावर थांबला. काळजी करू नये.

तवसाळहून जयगडला जाताना आम्ही फेरीबोटीने खाडी ओलांडली. छकुली कठड्याच्या जाळीतून पाय बाहेर काढून बसली होती आणि तिची एक चप्पल शास्त्रीच्या पाण्यात गेली. दुसरी तिने स्वतःच टाकली, कारण एकटी चप्पल घेऊन काय करायचे, असे तिचे म्हणणे. त्याचा परिणाम गणपतीपुळ्याला भोगावा लागला. तिथे डोंगरालाच प्रदक्षिणा घालायची असते, आणि आम्ही पोहोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. फरशी तव्यासारखी तापली होती. निम्म्या वाटेपासून यांनी तिला खांद्यावर घेतले. संध्याकाळी मालगुंडला केशवसुतांच्या जन्मघरी गेलो. आईने माझ्याकडून त्यांची कविता पाठ करून घेतली होती, ती मी ओसरीवर उभी राहून म्हटली. मधले एक कडवे आठवले नाही. ते आईने मला फोनवर सांगावे.

परतीला आंबा घाटात आणखी एक घोटाळा झाला. तुमच्यासाठी घेतलेली कोकमाच्या आगळाची एक बाटली बुचाशी सैल होती आणि ती डिकीत कलंडली. घाटमाथ्यावर थांबून डिकी उघडली तर यांचा पांढरा सदरा, टॉवेल आणि माझी जरीची ओढणी लालभडक झालेली. छकुलीने ते पाहून किंकाळी फोडली, कारण तिला ते रक्त वाटले. डाग अजून गेलेले नाहीत. आगळाचे डाग कशाने जातात ते आईला ठाऊक असेल, तर कळवावे. दुसरी बाटली सुखरूप आहे.

आता एक गोष्ट मनापासून विचारायची आहे. आई चैत्रात न्हाणीघरात घसरली होती, हे मला पंधरा दिवसांनी शेजारच्या काकूंकडून कळले. तुम्ही सांगितले नाही, कारण मी काळजी करीन. मीही गुहागरहून खरे सांगितले नाही, ते त्याच कारणाने. पण समुद्राकाठी वाळूत बसले असताना मला सगळ्यात जास्त तुम्हालाच फोन करावासा वाटत होता, आणि घसरल्यावर आईलाही माझी आठवण आली असेल. यापुढे मी तुमच्यापासून असे काही लपवणार नाही. तुम्हीही लपवू नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्याला पाणी येते आहे का, बाबांचा गुडघा रात्री किती वेळा जागे करतो, हे मला जसे आहे तसे कळले पाहिजे.

आणि एक राहिले. वाळूचा प्रकार झाला त्याच दिवशी सकाळी आम्ही खालच्या पाटावरच्या आपल्या जुन्या घरी गेलो होतो. घरमालकीणबाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. मी नाव सांगण्याआधीच त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले आणि विचारले, "पोस्टमास्तरांची काय गं तू?" त्यांनी आम्हाला कोकम सरबत दिले, फणसपोळीची गुंडाळी आईसाठी बांधून दिली आणि मागच्या पडवीत घेऊन गेल्या. आई, १९८७ साली बदलीच्या ट्रकमध्ये जागा नाही म्हणून तुझा पाटा तिथे ठेवून आलो होतो, तो अजून तिथेच आहे. त्याच्या एका कोपऱ्याचा टवका उडालेला आहे, तो माझ्या हातून नारळ पडून उडाला होता. बाई ओले खोबरे अजून त्याच्यावरच वाटतात. मी हात लावून पाहिला. मधला भाग इतका झिजून गुळगुळीत झाला आहे की तळवा अलगद बसतो. त्या म्हणाल्या, "तुझ्या आईची वस्तू आहे, तिला हवी असेल तर कधीही घेऊन जा."

येत्या शनिवारी आम्ही सांगलीला येतो आहोत. फणसपोळी, आगळ आणि देवगडच्या हापूसची एक पेटी बरोबर आणतो. आंबे अजून आढीत आहेत, तोवर पिकतील. पाटा आणायचा की त्यांच्याकडेच राहू द्यायचा, ते आईने ठरवावे. मी त्यांना दिवाळीपर्यंत कळवीन, असे सांगून आले आहे.

मुलांचे आणि यांचे तुम्हा दोघांना नमस्कार.

तुमची,
माई