नाशिक-पुणे प्रवासाचा वेळ: केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

नाशिक आणि पुणे यांच्यातील हवाई अंतर जेमतेम 165 किलोमीटर आहे, तर सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर, चाकण या मार्गाने रस्त्याचे अंतर सुमारे 210 किलोमीटर भरते. एवढे अंतर चार तासांत पार व्हायला हरकत नसावी. प्रत्यक्षात मात्र पाच लागतील की सहा, हे निघताना कोणालाही सांगता येत नाही. माझी तक्रार अंतराबद्दल नसून या अनिश्चिततेबद्दल आहे.

चंदनापुरी आणि खेड घाटांना पर्याय झाले, मोठी गावे वळणरस्त्यांनी टळली, हे काम चांगले झाले आहे आणि त्याचा लाभ आम्ही रोज घेतो. परंतु तिथे वाचलेला वेळ राजगुरुनगर ओलांडले की चाकण, मोशी आणि भोसरीच्या कोंडीत खर्ची पडतो. संध्याकाळी पाळी सुटण्याच्या सुमारास कारखान्यांच्या बस, कंटेनर, ट्रेलर आणि दुचाकी एकाच चौकात अडकतात, आणि त्यातच नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतील लघुउद्योजकाचा सुटे भाग घेऊन चाकणला निघालेला टेम्पोही उभा असतो. ज्या गाडीत रुग्ण असतो, तिची अवस्था पाहवत नाही.

विमानसेवा सुरू केली की प्रश्न सुटेल, असे अनेकदा सुचवले जाते. छोट्या शहरांना स्वस्त विमानसेवेने जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेत ही सेवा सुरू झालीही होती, पण ती टिकली नाही. ओझरचा विमानतळ शहरापासून वीसेक किलोमीटरवर, तिथे उड्डाणापूर्वी किमान तासभर आधी पोहोचायचे, आणि पुण्याच्या लोहगाव विमानतळावर उतरून हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत जायचे तर पुन्हा पुण्याची सगळी वाहतूक भेदायची. त्यामुळे हवेतील पाऊण तासासाठी घरापासून कामाच्या जागेपर्यंत साडेतीन-चार तास मोडतात. थेट रेल्वेमार्गही नाही, मोठा वळसा घ्यावा लागतो. म्हणून विद्यार्थी, नोकरदार, व्यापारी अशा बहुतेकांसाठी रस्ता हाच मार्ग राहणार आहे.

पिंपरी-चिंचवडमधील नाशिक फाटा ते खेड (म्हणजेच राजगुरुनगर) या 30 किलोमीटरच्या आठपदरी उन्नत मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट 2024 मध्ये 7,827 कोटी रुपये खर्चासह मंजुरी दिली. या कामाची टप्पेनिहाय मुदत आपण जाहीर करावी आणि ती महामार्गावर फलकांवर लावावी. काम चालू असताना रस्ता आणखी अरुंद होणार, हे उघड आहे. त्यामुळे सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या तासांत चाकण परिसरात अवजड वाहनांना बंदी घालण्यासाठी आणि रुग्णवाहिकांसाठी एक मार्गिका मोकळी ठेवण्यासाठी राज्य शासन व पोलिसांशी आताच बोलणी व्हावीत. शिवाय सिन्नर आणि संगमनेर येथे पुढील प्रवासाचा त्या क्षणाचा अंदाजित वेळ दाखवणारे विद्युत फलक बसवावेत, म्हणजे कुठे थांबायचे आणि केव्हा निघायचे, हे प्रवाशाला ठरवता येईल.

आपला विश्वासू,
एक नाशिककर प्रवासी