दूरस्थ लॉगिनबद्दल सर्व ॲडमिन सभासदांसाठी सूचना

सर्व्हरवर खातं आहे म्हणून बाहेरून लॉगिनही असलंच पाहिजे, असं नाही. बॅकअप, डेटाबेस यांसारख्या सेवांच्या खात्यांना तर ते मुळीच नको. कृपया आपापल्या मशीनवर एवढं तपासा.

एसएसएचडीच्या (बाहेरून येणारं लॉगिन स्वीकारणाऱ्या सर्व्हिसच्या) कॉन्फिग फाइलमध्ये 'अलाऊग्रुप्स' वापरून एकाच ग्रुपला प्रवेश द्या. ग्रुपबाहेरचे आपोआप अडतात. 'परमिटरूटलॉगिन' 'नो' करा, म्हणजे रूट या सर्वाधिकारी खात्याने बाहेरून लॉगिन होणार नाही.

सर्वांत जास्त फसगत होते ती पासवर्ड लॉक करण्यात. त्याने फक्त पासवर्ड बंद होतो. होम डिरेक्टरीतल्या 'ऑथराइज्ड कीज' फाइलमध्ये जुनी की (पासवर्डऐवजी चालणारी डिजिटल किल्ली) पडून असेल, तर माणूस तिच्या जोरावर आत येऊ शकतो. सोडून गेलेल्यांची खाती म्हणूनच एक्स्पायर करा आणि कीसुद्धा काढा. शेल (लॉगिननंतर कमांड घेणारा प्रोग्राम) 'नोलॉगिन' केलं तरी पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे सर्व्हरमार्फत दुसरीकडे जोडणी करणं, सुरू राहू शकतं, तेही बंद करा.

आणि कळकळीची विनंती: बदल करताना चालू सेशन सोडू नका. आधी 'एसएसएचडी -टी'ने फाइल तपासा, मग सर्व्हिस रीलोड करा, दुसऱ्या टर्मिनलमधून लॉगिन करून पाहा. ते जमल्यावरच पहिलं बंद करा. एका अक्षराच्या चुकीने मी स्वतः बाहेर अडकलो आहे. रात्रभर कन्सोलची, म्हणजे सर्व्हरवर थेट काम करण्याच्या सोयीची, वाट पाहावी लागली.