सुध्या, आधी छत बघ

नेरुळ,
११ मे

प्रिय सुध्या,
सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी बँकेच्या रांगेत होतो. "काचेच्या खोलीला ब्लाइंड्स कुठले घेऊ?" म्हणालास आणि मी "कुठलेही घे रे" म्हणून फोन ठेवला. घरी येऊन आमच्या गच्चीवर बसलो, तेव्हा मलाच लाज वाटली. म्हणून आज कागद घेतला.

आमच्या रो-हाउसची ती काचेची खोली तू पाहिलीच आहेस. आर्किटेक्ट तिला 'कॉन्झर्व्हेटरी' म्हणायचा, आमची ही 'भट्टी' म्हणते. विलायतेत अशी खोली बांधतात ती थंडीतलं मिळेल तेवढं ऊन साठवायला. आपल्याकडे उन्हाला तोटा नाही, तरी आपण ते काचेत मुरत घालतो!

मी आधी फसलो झेब्रा ब्लाइंड्सवर. दुकानात पट्टीवर पट्टी सरकवून दाखवली, ही खूश, मी खूश. मेमध्ये बंद ब्लाइंडला हात लावला, तर कापड नुकती इस्त्री फिरवल्यासारखं. ऊन काचेतून सहज आत येतं, पण आत तापलेल्या वस्तूंची धग काच बाहेर जाऊ देत नाही. आतला पडदा स्वतः तापतो आणि खोलीला तापवतो. कापडाची काचेकडची बाजू पांढरी किंवा चंदेरी असली तर थोडं ऊन परत फिरतं, एवढंच. पावसाळ्यात त्याच कापडाच्या खालच्या कडेला बुरशीचे काळे ठिपके आले. दुकानदार म्हणाला, "साहेब, हवा खेळती ठेवा." जुलैत, नवी मुंबईत!

तेव्हा पहिलं छत. येत्या चार-पाच दिवसांत सूर्य दुपारी आपल्या बरोबर डोक्यावर येईल, सावली पायाखाली जाईल. अशा वेळी खरा मार छताच्या काचेवर. तिथे साधा रोलर, म्हणजे नळीवर गुंडाळायचा पडदा, लावू नकोस, तिरप्या काचेखाली कापड झोळीसारखं लोंबतं. तारांवर ताणलेले हनीकोंब, म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या कप्प्यांचे पडदे, चालतात, पण खिसा रिकामा होतो. मी शेवटी नर्सरीवाल्याकडून ७५ टक्के ऊन अडवणारी हिरवी शेडनेट आणली आणि काचेच्या वर, वीतभर जागा सोडून, पाइपांवर ताणली. मधून वारा जातो. मांडव उतरवायचा राहून गेल्यासारखं दिसतं खरं, पण दुपारी तीनला आई तिथे बसून गवार मोडते. पाऊस यायच्या आत मात्र नेट काढायची. पहिल्या वर्षी विसरलो, अर्धी नेट शेजाऱ्यांच्या टाकीवर सापडली. तुमच्या सोसायटीला आधी विचार, बाहेरून काही लावलं की सेक्रेटरींना चष्म्याशिवायही दिसतं.

तुझी पश्चिमेची काच वेगळी. संध्याकाळचं ऊन तिरपं आत घुसतं, त्याला छज्जा अडवत नाही, आणि येऊरचा डोंगर तर तुला दिसायला हवाच. तिथे सनस्क्रीन रोलर घे, जाळीदार कापडाचा, तीन टक्के छिद्रांचा. दुकानदार पांढरा दाखवेल. पांढरा ऊन जास्त परतवतो, पण त्यातून डोंगर धुक्यात असल्यासारखा दिसतो. गडद करड्यातून स्वच्छ दिसतो, म्हणून मी गडदच घेईन. फक्त रात्री दिवा लावलास की प्रकरण उलटतं आणि समोरच्या बिल्डिंगला तू दिसतोस. बनियनवर फिरायची तुझी सवय माहीत आहे म्हणून लिहितोय.

लाकडी पट्ट्या नकोत, दमट हवेत वाकतात.

माप स्वतः घे. चौकटीच्या आत बसवणार असशील, तर रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा मोज आणि सगळ्यात कमी आकडा दे. आमच्या एका चौकटीत वर-खाली ८ मिलिमीटरचा फरक निघाला. गवंड्याला विचारलं तर म्हणाला, भिंत बरोबर आहे, टेप जुनी असेल.

आणि साखळी. तुझी नात आता धरून उभी राहते ना? लोंबती साखळी पोराच्या गळ्यात अडकू शकते. स्प्रिंगचा, बिनसाखळीचा रोलर घे, नाहीतर साखळी ताणून भिंतीत पक्की करून घे. बाकी सगळीकडे घासाघीस कर, इथे नको.

अजून ॲडव्हान्स दिला नसशील तर थांब. रविवारी ठाण्याची लोकल पकडून येतो, टेप माझी आणतो. आधी मामलेदारची मिसळ, मग मापं. वहिनींना नमस्कार.

तुझा,
नंदू