खेळ पितरांनी खेळायचा का?

महोदय,

डिस्क ड्राइव्ह, म्हणजे खेळाची डिस्क घालायची सोय, नसलेल्या गेमिंग कन्सोलचे गोडवे गाणारा आपल्या रविवारच्या पुरवणीतला लेख काल वाचला. (देवगडात रविवारचा अंक सोमवारी दुपारी हाती पडतो, असो.) ड्राइव्ह काढला की यंत्र स्वस्त होते, गिऱ्हाईकही खूश आणि कंपनीही, हे लेखकाने फार छान समजावले आहे. लेखक महाशय मुंबई-पुण्याकडचे असावेत.

या स्वस्ताईला मी २०२१ मध्येच भुललो. प्लेस्टेशन ५ हा कन्सोल तेव्हा भारतात नुकताच आला होता. डिस्कवाला ४९,९९० रुपयांना, बिनड्राइव्हचा, म्हणजे डिजिटल, ३९,९९० रुपयांना. दहा हजार वाचवले म्हणून आठवडाभर माझी मीच पाठ थोपटून घेत होतो.

मग एका श्रावणात मुलाने ९६ जीबीचा खेळ मागितला. ड्राइव्ह नाही, म्हणजे तो इंटरनेटवरूनच उतरवायचा. रस्ता खणताना आमची फायबरची केबल तुटलेली, ती जोडायला कोणी फिरकेना. राहिला फोनचा हॉटस्पॉट, रोजचे दोन जीबी. मी कॅलेंडर घेऊन बसलो. ४८ दिवस! नागपंचमीला लावलेला खेळ पितृपक्षात उतरणार. खेळायचा कोणी, पितरांनी?

गणपतीला मुंबईहून भाचा आला, तो त्याच खेळाची डिस्क घेऊन. मुलाने यंत्र उचलून चारी बाजूंनी चाचपून पाहिले. कुठे फट असेल तर ना! २०२३ च्या स्लिम डिजिटल मॉडेलला म्हणे ड्राइव्ह मागाहून विकत घेऊन जोडता येतो. आमच्या जुन्याला तीही सोय नाही. मखरासमोर दोन्ही पोरे डिस्कची डबी उलटसुलट करत बसली होती.

आता कोणी शहाणा सांगेल, डिस्क असली तरी खेळ एसएसडीवर, म्हणजे यंत्राच्या आतल्या साठवणीवर, उतरवून घ्यावाच लागतो, ब्लू-रे डिस्कचा वेग हल्लीच्या खेळांना पुरत नाही. कबूल. वर अपडेटही मागतो, तेही कबूल. पण मूळ खेळ समोरच्या डिस्कवरून उतरतो, डोंगरापलीकडच्या टॉवरवरून नव्हे. एका ब्लू-रेवर १०० जीबीपर्यंत मजकूर मावतो. रात्री मुंबईहून एसटीत ठेवलेली डिस्क सकाळी देवगडात! एवढ्या वेगाचे इंटरनेट आमच्या वाडीत कोणी देत असेल तर त्याचा पत्ता लेखकाने जरूर कळवावा.

शिवाय ८२५ जीबीच्या एसएसडीतले वापरायला मिळतात ६६७. जागा भरली की एक खेळ उडवा, दुसरा उतरवा. डिस्कवाल्याला उडवलेला खेळ पुन्हा फुकटात घालता येतो, आम्हाला पुन्हा ४८ दिवस. वाडीतली डिस्कवाली पोरे चौघांत एक खेळ घेतात, खेळून झाला की विकून मोकळी होतात. आमचे खेळ ऑनलाइन खात्यात अडकलेले. ते दहा हजार कुठे वाचले, हे अजून घरात कोणाला सांगता आलेले नाही.

लहानपणी आमच्याकडे कॅसेटवाला व्हिडिओ गेम होता. खाऱ्या हवेने कॅसेटचे पाय काळे पडायचे. फुंकर मारली, शर्टाला पुसली, की चालू.

ता. क. : पान दोनवरच्या भरती-ओहोटीच्या वेळा महिनाभर गायब आहेत. कन्सोलला अर्धे पान मिळते, तर समुद्रालाही चार ओळी मिळाव्यात.

– एक वाचक, देवगड